ग्रंथप्रकाशकाची पदवी

मंठा तालुक्यातील एक तरुण गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे सल्ला विचारण्यास आला होता. मराठी विषय घेऊन तो बी. ए. ची परीक्षा चांगल्या रीतीने उतरलेला. वाचनाचा नाद दांडगा. आणि मनात एकच ध्यास, की पुढे आपण पुस्तके काढावी. लिहावी असे नव्हे, काढावी. हा भेद त्याने आपण होऊन सांगितला तेव्हा आम्हांस कौतुक वाटले. कारण आमच्या दारी येणाऱ्या दहा तरुणांपैकी नऊ जणांस कवी व्हावयाचे असते. त्याचा प्रश्न असा, की आणखी दोन वर्षे घालवून एम्. ए. व्हावे, की पुण्याच्या एका प्रकाशकाने देऊ केलेली लहानशा पगाराची जागा पत्करावी? ती जागा म्हणजे मुद्रिते तपासावयाची, टपालाचे गठ्ठे बांधावयाचे, दुकानांकडील उधारी मागावयाची, आणि मालक सांगेल ते करावयाचे. वडिलांची जमीन कोरडवाहू. पाठची बहीण शिकते आहे. दोन वाटांपैकी एकाच वाटेपुरती शिदोरी घरात होती.

आम्ही त्यास त्या दिवशी उत्तर दिले नाही. चार दिवसांनी ये म्हणून सांगितले, आणि मराठी ग्रंथप्रकाशनाचा जो काही इतिहास आम्हांस ठाऊक होता तो ह्या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने पुन्हा मनाशी उलगडून पाहिला. उत्तर देण्यास आम्ही का कचरलो ते पुढे सांगूच.

मराठी मुद्रणाचे पहिले विद्यापीठ कोणते, असे कोणी विचारील, तर मुंबईचा अमेरिकन मिशनचा छापखाना असेच सांगावे लागेल. १८१६-१७ च्या सुमारास मिशनऱ्यांनी तो घातला तो ख्रिस्ती धर्माची पुस्तके छापण्यासाठी. त्या पुस्तकांनी किती माणसे बाटली ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. परंतु त्या छापखान्याने मराठी मुद्रक घडविले ह्यात शंका नाही. गणपत कृष्णाजी हे त्यांतले पहिले मोठे नाव. मिशनच्या छापखान्यातील काम पाहून पाहून ह्या भंडारी गृहस्थाने ती विद्या आत्मसात केली, स्वतःचे यंत्र उभे केले, आणि १८४१ साली मराठी पंचांग छापून विकावयास काढले. तत्पूर्वी पंचांग म्हणजे जोशीबुवांनी हाताने लिहावयाची व यजमानास वाचून दाखवावयाची वस्तू. छापील पोथीस शिवणे म्हणजे विटाळ, कारण शाईत चरबी असते, अशी सनातनी मंडळींची समजूत होती. तेव्हा गणपत कृष्णाजींनी धार्मिक ग्रंथांपुरती तुपाची शाई वापरली अशी हकीकत सांगतात. ग्राहक कोण, त्याच्या मनात खोच कोणती, आणि ती कशाने निघेल, हे ज्यास कळले त्यास प्रकाशनाचे निम्मे शास्त्र अवगत झाले असे म्हणावयास हरकत नाही. हे शास्त्र त्या काळी कोणत्याही शाळेत शिकवीत नव्हते. आजही शिकवीत नाहीत.

परंतु आमच्या प्रश्नाचा खरा नायक म्हणजे जावजी दादाजी चौधरी. ह्या पुरुषाचे चरित्र एखाद्या कादंबरीकाराने रचिले असते तर अतिशयोक्तीचा दोष देऊन आपण ते बाजूस सारले असते. १८३९ चा जन्म; घरची अत्यंत गरिबी; शाळेचे नाव घ्यावे इतकेही शिक्षण नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर राहिला. काम कोणते? ओतलेले खिळे घासून गुळगुळीत करावयाचे. पुस्तकातील मजकुराशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असे हे काम. पण छापखान्याचा अधिकारी टॉमस ग्रॅहॅम हा अक्षराच्या सौंदर्याविषयी मोठा चोखंदळ होता. देवनागरीचा खिळा सुबक कसा होईल ह्याचाच त्यास ध्यास लागलेला. खिळे घासता घासता जावजींनी हा चोखंदळपणा उचलला. पुढे टाइम्सचा छापखाना, इंदुप्रकाश, ओरिएंटल छापखाना, अशा ठिकाणी त्यांनी नोकऱ्या केल्या. प्रत्येक ठिकाणी पगार थोडा वाढत गेला आणि विद्या पुष्कळ वाढत गेली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढिला. राणोजी रावजी आरू हा अक्षरे कोरण्यात निष्णात असा मित्र त्यांस साथीस लाभला. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला.

ह्या सनांकडे वाचकांनी जरा निरखून पाहावे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे पहिल्या तुकडीतील पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्याच शहरात, शाळा न पाहिलेला एक कारागीर आपल्या भट्टीत शिसे वितळवीत बसला होता. आणि पुढे त्या विद्यापीठातील पंडितांनी संस्कृत ग्रंथांचे जे अध्ययन केले त्यातील पुष्कळसे त्याच्या खिळ्यांनी छापलेल्या प्रतींवरच केले. १८८६ मध्ये निर्णयसागराने 'काव्यमाला' सुरू केली. जुन्या संस्कृत काव्यांच्या शुद्ध, स्वस्त व देखण्या आवृत्त्या निघू लागल्या, आणि यूरोपातील संस्कृतज्ञही त्या प्रमाण मानू लागले.

जावजींस संस्कृत येत होते काय? पंडिताइतके खचित नाही. त्यांनी जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब ह्यांस संपादनाचे काम दिले, आणि त्यांच्या कामात त्यांस मोकळे सोडले. आपणांस काय येत नाही हे त्यांस नेमके ठाऊक होते, हे आम्हांस त्यांच्या यशाचे मोठे गमक वाटते. खिळ्याची पारख असलेला मनुष्य पोथीची पारख असलेला मनुष्य पदरी ठेवू शकतो. उलट, पोथीची पारख असलेल्यास खिळ्याची पारख असलेला मनुष्य पदरी ठेवता येतो काय? येतो, पण तो मनुष्य आपणांस फसवितो आहे की नाही, हे कळण्याचे साधन त्यापाशी नसते.

ह्याचे प्रत्यंतर पुण्यास मिळते. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे बी. ए. झालेले, इंग्रजी वाङ्मयात मुरलेले, सरकारी शाळेत शिक्षक. १८७४ पासून त्यांनी निबंधमाला काढिली. १८७८ मध्ये चित्रशाळेच्या उभारणीत भाग घेतला. किताबखाना काढण्यातही त्यांचा हात होता. १८७९ मध्ये नोकरी सोडली. १८८१ च्या आरंभी 'केसरी' व 'मराठा' निघाले तेव्हा आर्यभूषण छापखान्यासाठी विकत घेतलेल्या खिळ्यांच्या पेट्या ह्या मंडळींनी रातोरात आपल्या डोक्यांवरून वाहिल्या असे सांगतात. टिळक बी. ए., एल्एल्. बी.; आगरकर एम्. ए.; आणि डोक्यावर शिशाचे ओझे! ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. आम्हांस मात्र तिच्यात एका पिढीची उमेदवारी दिसते. पदव्या घेऊन झाल्यावर ती मंडळी जावजींच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. फरक इतकाच, की वयाच्या दहाव्या वर्षाऐवजी पंचविशीच्या आसपास. शास्त्रीबुवा १८८२ च्या मार्च महिन्यात वारले, वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे १८९१ च्या सुमारास दोन्ही पत्रे टिळकांकडे आली ती कर्जाच्या बोजासह. मराठी मन घडविण्याच्या कामी त्यांची बरोबरी निर्णयसागरास करता यावयाची नाही. पण जमाखर्चाच्या वहीत जावजींचे पारडे जड होते, हेही नाकारता येत नाही.

तथापि येवढ्यावरून पदवी व्यर्थ असा निकाल देणे म्हणजे उतावळेपणा होईल. कारण काही पुस्तके अशी असतात की ती काढण्याची बुद्धीच मुळी विद्येवाचून होत नाही. ह्याचे उदाहरण आमच्या जिल्ह्याशीच निगडित आहे.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. शके १५३०, म्हणजे १६०८ चा त्यांचा जन्म. त्या गावास समर्थांच्या नावाचे भूषण आहे. पण समर्थांच्या ग्रंथांची शुद्ध प्रत शोधून ती छापण्याचे काम जांबेत झाले नाही, जालन्यात झाले नाही, की औरंगाबादेत झाले नाही. ते झाले खानदेशात, धुळ्यास. शंकर श्रीकृष्ण देव हे तेथील वकील. त्यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, मठामठांतून हिंडून बाडे गोळा केली, आणि डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानली जाणारी दासबोधाची प्रत मिळवून १९०५ साली तो ग्रंथ छापून काढिला. डोमगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, जांबही निजामाच्याच राज्यात होते. मठातील पोथीस रोज गंध-फूल वाहणारे पुष्कळ होते. तिच्या पाठाची किंमत जाणणारा मनुष्य परमुलखातून यावा लागला. देवांनी मुद्रणाची उमेदवारी केलेली नव्हती. परंतु पुरावा कशास म्हणावे, एक प्रत दुसरीशी कशी ताडून पाहावी, ही शिस्त त्यांच्या अंगी होती. कायद्याच्या अभ्यासाने ती त्यांस दिली असावी, असा आमचा तर्क आहे. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' काढून जुन्या बखरी व कविता प्रसिद्ध करणारे मोडक व साने हेही पदवीधरच होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. खिळे घासता घासता बखरीचे मोल कळत नाही.

आता वाचक म्हणतील, की जालन्याचा माणूस जालन्याविषयी का बोलत नाही? बोलण्यासारखे असते तर बोललो असतो. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे लहान मुलांसही पाठ आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीने ती खोटी नाही. १९०० मध्ये रेल्वे आली तिने ह्या पेठेचे दैव अधिकच उघडले. परंतु पेठ असली म्हणजे ग्रंथाची पेठ असतेच असे नाही. निजामी अमलात दरबारची भाषा उर्दू, कचेरीची उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले त्याचेही माध्यम उर्दू. मराठीत शिकलेला मनुष्य थोडा, शिकून वाचणारा त्याहून थोडा, आणि छापणाऱ्यावर सरकारची नजर. आ. कृ. वाघमारे ह्यांनी १९३७-३८ च्या सुमारास 'मराठवाडा' ह्या नावाचे साप्ताहिक काढिले ते पुण्याहून काढावे लागले, आणि तेथून काढूनही संस्थानात त्यावर बंदी आलीच. ज्या प्रांताचे नाव पत्राच्या माथ्यावर, त्या प्रांतात पत्र छापता येऊ नये! १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही स्थिती पालटली. १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. महाविद्यालये निघाली, एम्. ए. चे वर्ग निघाले. म्हणजे पदवीची सोय आमच्याकडे झाली. परंतु जिच्यासाठी मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता ती उमेदवारीची सोय मात्र झाली नाही. मंठ्याच्या त्या मुलाचा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मुलापेक्षा बिकट आहे तो ह्यामुळेच. पुण्याचा मुलगा सकाळी व्याख्यान ऐकून दुपारी अप्पा बळवंत चौकातील दुकानात पुस्तके विकू शकतो. आमच्या मुलास एक पदरात घेताना दुसरे सोडावे लागते.

उमेदवारीने मोठे होण्यास आमची माती नालायक आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६४ मध्ये जालन्यास महिको ही बियाण्यांची कंपनी काढणारे बद्रीनारायण बारवाले हे महाविद्यालयात नव्हे, शेतात शिकलेले. १९९८ मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यात जे झाले ते पुस्तकात व्हावयास गुरू पाहिजे आणि दुकान पाहिजे.

परदेशांतही हा वाद निकालात निघालेला दिसत नाही. पेंग्विन पुस्तकमाला १९३५ मध्ये काढणारे अॅलन लेन सोळाव्या वर्षी शाळा सोडून नातलगाच्या प्रकाशनसंस्थेत उमेदवार म्हणून लागले होते. उलट लेनर्ड वुल्फ हे केंब्रिजचे पदवीधर. त्यांस व त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया वुल्फ ह्यांस मुद्रणकला शिकावयाची होती; लंडनच्या मुद्रणशाळेने सांगितले, की आम्ही फक्त कामगार संघाच्या उमेदवारांसच शिकवितो. तेव्हा १९१७ मध्ये त्यांनी एक लहानसे हातयंत्र विकत घेतले, सोबतच्या पुस्तिकेवरून घरच्या जेवणघरात खिळे जुळविण्यास आरंभ केला, आणि त्यातून होगार्थ प्रेस जन्मास आली. केंब्रिजच्या पदवीस मुद्रणशाळेच्या दारातून परत फिरावे लागले, हे आमच्या एम्. ए. च्या विद्यार्थ्यांस सांगण्यासारखे आहे.

अलीकडच्या मराठी प्रकाशकांत ह्या दोन परंपरा समोरासमोर पाहावयाच्या तर गिरगावात जावे. केशवराव कोठावळे ह्यांनी मॅजेस्टिक सिनेमाजवळच्या पदपथावर जुनी पुस्तके विकण्यापासून सुरुवात केली. १९४२ मध्ये मॅजेस्टिक बुक स्टॉल, १९५२ मध्ये प्रकाशन, आणि १९६४ च्या जानेवारीपासून 'ललित' मासिक. पुस्तकांविषयी, लेखकांविषयी व वाचकांविषयीच बोलणारे मासिक चालू शकेल, हे पदपथावर उभे राहून गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेल्या माणसासच सुचावे. त्याच गिरगावात श्री. पु. भागवत हे मौज प्रकाशनाचे संपादक. ते कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते. लेखकाचे हस्तलिखित हाती आले म्हणजे वाक्यावाक्याविषयी पत्रव्यवहार करीत, पुनर्लेखन करवीत, आणि एखाद्या पुस्तकास वर्षे लागली तरी घाई करीत नसत. अशी दृष्टी पदपथावर मिळत नाही. परंतु एक गोष्ट लोक विसरतात. भागवतांच्या मागे घरचा छापखाना होता, आणि व्यवहार पाहणारे विष्णुपंत भागवत होते. प्राध्यापकास संपादक होता आले, कारण खिळा आणि खतावणी घरातच होती. आमच्या मंठ्याच्या मुलाच्या घरात काय आहे? चार एकर कापूस.

आता आम्ही कचरलो का ते सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी सायंकाळी येथील एका लहान छापखान्यात काम करी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीची पत्रके असला तेथला माल. पण मुलाच्या हाती कौशल्य होते. संगणकावरील अक्षरजुळणी नुकतीच रुळत होती आणि त्याने ती मालकाच्या आधी शिकून घेतली होती. मालक वृद्ध, त्यास मूल नव्हते, धंदा ह्या मुलाकडे सोपवावा असे त्याच्या मनात होते. मुलगा आमच्याकडे आला. आम्ही त्यास सांगितले, की हे हमालीचे काम सोड आणि एम्. ए. हो, तुझ्यासारख्या बुद्धिमान मुलाने पावतीपुस्तके छापीत आयुष्य काढू नये. त्याने ऐकले. वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाला, नेट झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर ह्या कॉलेजातून त्या कॉलेजात शिकवीत हिंडला. उन्हाळ्यात तास नसत तेव्हा पगारही नसे. छापखाना परक्याकडे गेला. तो विद्यार्थी आजही भेटला की वाकून नमस्कार करतो. शब्दानेही कधी दोष देत नाही. त्याने दोष दिला असता तर आम्हांस बरे वाटले असते. आम्ही स्वतः पदवीच्या शिडीने वर आलो, म्हणून शिडी तेवढी एकच आहे असे धरून चाललो होतो.

ह्या चुकीच्या वजनाने आता पारडे दुसरीकडे फार झुकू नये म्हणूनही आम्हांस चार दिवस हवे होते. कारण आजचा प्रकाशनाचा धंदा म्हणजे जावजींच्या काळचा नव्हे. खिळे गेले, ग्रॅहॅमसाहेबही गेले. अक्षरजुळणी घरी बसून होते आणि पाचपन्नास प्रतीही छापून मिळतात. छापणे इतके सोपे झाले आहे, की काय छापू नये हे कळणे हीच आता मुख्य विद्या होऊन बसली आहे. आणि ती बऱ्याच अंशी वाचनाने येते. पण पुस्तक छापल्यावर जाते कोठे? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव अनुदानित वाचनालये झाली, त्यांच्या खरेदीवर मराठी प्रकाशक मोठ्या प्रमाणात विसंबून असतो. अनुदानाचा हप्ता लांबला की प्रकाशकाचे बिलही लांबते. विक्रेत्याची सूट किती, उधारी किती दिवसांची, कोणते पुस्तक परत येते आणि कोणते येत नाही, ह्यांतील एक अक्षरही आमच्या एम्. ए. च्या अभ्यासक्रमात नाही. कादंबरीच्या रूपबंधावर वीस पाने लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने मुद्रिताचा कागद हाती धरलेला नसतो. दिल्लीची नॅशनल बुक ट्रस्ट प्रकाशनाचे अल्प मुदतीचे वर्ग चालविते. ते उपयुक्त आहेत, पण पोहण्याचे पुस्तक वाचून विहिरीच्या काठावर येण्याइतकेच.

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा आम्ही त्यास सांगितले, की पुण्याची जागा घे. एक वर्ष गठ्ठे बांध. एम्. ए. चा अर्ज पुढच्या वर्षी बाहेरून भर. ती परीक्षा पळून जात नाही, आणि पुण्यातील मालक मात्र दुसरा मुलगा ठेवील. रात्री दोन तास वाच, आणि जे वाचशील ते आपण छापले असते काय, किती प्रती छापल्या असत्या, आणि त्या कोणास विकल्या असत्या, हे वहीत टिपून ठेव. जावजी दादाजींची हकीकतही त्यास सांगितली.

त्याने ती लक्षपूर्वक ऐकली, आणि विचारले, "सर, जावजींना दोन रुपये पगार होता, तेव्हा ते राहत कुठे होते?"

"मुंबईतच, आपल्या घरी," आम्ही म्हणालो.

"मला पुण्यात खोली घ्यावी लागेल," तो म्हणाला.

आम्ही कागद-पेन्सिल घेतली. खोलीचे भाडे, खानावळ, महिन्यातून एकदा गावी येण्याचे एस्. टी. चे भाडे, असे आकडे एकाखाली एक मांडले. पगारातून ते वजा जाता आठशे रुपये कमी पडत होते. पुण्यास आमचे एक जुने सहाध्यायी आहेत. त्यांच्या घराची माडी रिकामी असते. त्यांस आम्ही त्याच संध्याकाळी पत्र लिहिले.

संक्रांतीनंतर मुलगा पुण्यास गेला. परवा त्याचे पत्र आले आहे. पहिला महिना गठ्ठे बांधण्यात गेला. आता मुद्रिते हाती देऊ लागले आहेत, आणि 'ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मला सापडतात, पण मालकांना त्या आधी सापडलेल्या असतात' असे तो लिहितो. वहीत सोळा पुस्तकांची टिपणे झाली आहेत. त्यांपैकी अकरा आपण छापली नसती असे त्याचे मत आहे.